तान्ह्याचे दुखणे आणि आईबापांची भीती



व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा मी कामगार चळवळीवर चार शब्द बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. गेली तीस वर्षे मी कारखान्यांच्या फाटकांवर बोलत आलो आहे. तेथे श्रोते उभे असतात, पाळी बदलण्याची घाई असते, आणि पगार, बोनस, रजा यांपलीकडचा विषय काढायला सवड नसते. येथे आपण निवांत बसून ऐकणार आहात. तेव्हा फाटकावर जे कधी बोललो नाही ते येथे बोलावे, असे मनाने घेतले. माझे शाळेतले शिक्षण फार झालेले नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि एस.टी.च्या प्रवासात. म्हणून वैद्यकातले जे काही आज सांगेन, ते डॉक्टरच्या अधिकाराने सांगत नाही. एका बापाने डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे समजून घेतले, ते सांगतो आहे.

आधी घडले ते सांगतो. बोर्ली-मांडल्याच्या बाजूला आमचे घर. १९९८ च्या जून महिन्यात आम्हांला दुसरे अपत्य झाले, मुलगी. पहिल्या खेपेस पत्नी माहेरी गेली होती. या खेपेस ती आमच्याच घरी राहिली. जवळच्या एका दवाखान्यात ती पहाटे सुखरूप बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी घरी आल्या. त्या दिवशी माझी फाटकावर सभा होती. कंत्राटी कामगारांचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. रात्री नऊ वाजता घरी पोचलो, तर पत्नी म्हणाली, "अहो, ही पिवळी दिसते. दुपारपासून नीट पीतही नाही."

माझी आई म्हणाली, "थोरलाही पिवळा होताच की. चार दिवस कोवळ्या उन्हात धरले की जाईल." आईचे खोटे नव्हते. थोरला खरोखरच पिवळा झाला होता आणि आपोआप बराही झाला होता. पहिल्या पावसाने वीज गेली होती. मी कंदील जवळ धरून पाहिले. कंदिलाच्या उजेडात कोणाचेही अंग पिवळेच दिसणार. मी दिवसभर उभा होतो, घसा बसला होता, पाऊस कोसळत होता, शेवटची एस.टी. निघून गेली होती. मी म्हणालो, "सकाळपर्यंत बघू."

पहाटे मूल दूध ओढीनासे झाले. रडणे बारीक झाले, अंग सैल पडले. पहिल्या एस.टी.ने आम्ही निघालो. कोर्लई, साळावचा पूल, रेवदंडा, चौल, नागाव, ही वाट मी हजारदा केलेली आहे; त्या दिवशी ती संपेना. आणि त्या गाडीत, ओल्या बाळंतिणीच्या शेजारी बसून, मी तिला विचारले, "तुझे लक्ष कुठे होते?" ती काही बोलली नाही. तिने पदर मुलीवर आणखी ओढून घेतला.

अलिबागेस डॉक्टरांनी मुलीला खिडकीपाशी उजेडात नेले. कपाळावर, छातीवर, मग तळपायावर बोटाने दाबून पाहिले आणि तीन प्रश्न विचारले. मूल केव्हा जन्मले? पिवळेपणा पहिल्याने कधी दिसला? आईचा रक्तगट कोणता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पत्नीने दिली. तिसऱ्याचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. दोन बाळंतपणे झाली, पण तिचा रक्तगट कोणी तपासलाच नव्हता. तो निगेटिव्ह निघाला, मुलीचा पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता मुंबई गाठा. रक्त बदलावे लागेल."

याचा अर्थ काय, ते मला पुष्कळ नंतर कळले. आईचे रक्त निगेटिव्ह आणि बाळाचे पॉझिटिव्ह असले, तर पहिल्या बाळंतपणाच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्याला परके समजते आणि त्याविरुद्ध लढणारी द्रव्ये तयार करून ठेवते. पहिले मूल तोवर जन्मलेले असते, म्हणून ते बचावते. पुढच्या खेपेस तीच द्रव्ये वारेतून पलीकडे जातात आणि पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. त्या पेशींतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य सुटते. ते फार वाढले तर मेंदूत उतरते, कानाच्या नसेला इजा करते, जीवही घेते. हे टाळणारे अँटी-डी नावाचे इंजेक्शन १९६० नंतरच्या दशकातच निघाले होते. पहिले मूल पॉझिटिव्ह निपजले, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते आईला द्यायचे असते. म्हणजे थोरला वाचला आणि धाकटी आजारी पडली, यात विसंगती काही नव्हती. "थोरलाही पिवळा होता" हा आमचा दिलासाच मुळात चुकीचा होता. आणि "तुझे लक्ष कुठे होते" हा माझा प्रश्नही तितकाच चुकीचा होता. लक्ष तिचेच होते. दुपारपासून तिने पाहिले होते, रात्री मला सांगितले होते. लक्ष नव्हते ते माझे.

बंधुभगिनींनो, आजच्या माझ्या भाषणाचा गाभा या दोन वाक्यांत आहे. "सकाळपर्यंत बघू" आणि "तुझे लक्ष कुठे होते?" ही दोन्ही वाक्ये भीतीच्या पोटी जन्मतात. पहिल्यात भीती डोळे मिटून घेते. दुसऱ्यात ती कोणाचा तरी गळा धरते. तान्हे मूल आजारी पडले असता आईबापांना भीती वाटणारच. ती वाटू नये असे मी म्हणत नाही. त्या भीतीला कामाला कसे लावावे, एवढेच मला सांगायचे आहे.

वैद्यकातील जाणकार उपचाराला होणाऱ्या उशिराचे तीन भाग करतात. पहिला घरातला: न्यायचे की नाही, हे ठरवण्यातला. दुसरा वाटेवरचा. तिसरा रुग्णालयाच्या दारातला. याच क्रमाने बोलतो.

घरातल्या उशिराचे मूळ अज्ञानात आहे, आणि ते अज्ञान एका घराचे नसते. आपल्याकडे पाचवी पुजतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते म्हणतात, आणि त्या रात्री घरातले माणूस जागे राहते. मी या गोष्टीला हसत नाही. नवजात बाळांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात, असे आजचे शास्त्र सांगते. पूर्वी नाळ कापताना होणाऱ्या धनुर्वाताने मुले त्याच दिवसांत दगावत. आपल्या आज्यापणज्यांनी धोक्याचे दिवस अचूक ओळखले होते. कारण तेवढे ठाऊक नव्हते. कारण कळले, आईला लस मिळू लागली, नाळ स्वच्छ हत्याराने कापली जाऊ लागली, आणि २०१५ साली नवजातांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. सटवाईने लिहिलेले खोडता येते, ते असे.

या बाबतीत आपल्या अलिबागेशी जोडलेले एक नाव आहे. आनंदीबाई जोशी. त्या जन्मल्या कल्याणला, १८६५ साली. पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून, त्यांची बदली अलिबागेस झाली आणि हे जोडपे काही काळ या गावी राहिले. आनंदीबाई चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांचा होऊन गेला. वैद्यकीय मदत मिळाली नाही. त्या काळी अशी मुले घरोघर जात. लोक नशीब म्हणत, बाईचा पायगुण म्हणत आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाळणा बांधत. आनंदीबाईंनी नशीब म्हटले नाही. बायकांना दाखवायला बाई डॉक्टर हवी, ती नसेल तर आपण व्हायचे, असे त्यांनी ठरवले. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. आजारी होऊनच परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यास वारल्या. त्यांना एकाही रुग्णाचे भले करण्याइतके आयुष्य येथे मिळाले नाही. तरी त्यांची गोष्ट सांगताना आपण पहिली बाई डॉक्टर, पहिली परदेशगमन करणारी, असे पहिलेपणच मोजतो. त्या दहा दिवसांच्या मुलाला विसरतो. दुःखाला दोष देण्याच्या कामी न लावता शिकण्याच्या कामी लावले, हा त्यांचा खरा धडा आहे.

पण प्रत्येक आई फिलाडेल्फियास जाऊ शकत नाही. मग ज्ञान घरापर्यंत यायला हवे. ते येऊ शकते, हे गडचिरोलीत सिद्ध झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ नंतरच्या वर्षांत ३९ खेड्यांत एक प्रयोग केला. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना त्यांनी शिकवून तयार केले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन करत, ताप पाहत, घड्याळ लावून श्वास मोजत, बाळाला उबेत कसे ठेवावे ते दाखवत, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर औषध आणि इंजेक्शन देत. नवजात मृत्यूंचे प्रमाण हजार जन्मांमागे ६२ होते. ते तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो अहवाल छापला. तेथे मोठे रुग्णालय उभारले नव्हते, काचेच्या पेट्या नव्हत्या. वेळेवर पाहणारा एक शिकलेला डोळा घरात पोचला, एवढेच झाले. पुढे २०११ पासून हीच पद्धत देशभर घेतली गेली. आज आपल्या गावची आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, ती याच वाटेने. तिला दारातून परत पाठवू नका. चहा द्या न द्या, बाळ मात्र उघडे करून दाखवा.

त्या डोळ्याने काय पाहायचे, ते मी एका कागदावर लिहून आणले आहे. बाळ पीत नाही, किंवा पिता पिता थकून सोडते. हलवले तरच हलते, एरवी मलूल पडून असते. अंग तापले आहे, किंवा त्याहून फसवे म्हणजे पोट आणि पाय गार पडले आहेत. श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक होतात, छातीखालचा भाग आत ओढला जातो, किंवा बाळ कण्हते. झटके येतात. बेंबीभोवती लाली पसरते किंवा पू येतो. पिवळेपणा जन्मापासून पहिल्या चोवीस तासांतच दिसतो, किंवा केव्हाही तळहात-तळपायांपर्यंत उतरतो. यांतले एक जरी दिसले, तरी घड्याळ पाहू नका. रात्र असो, पाऊस असो, निघा. पुष्कळ मुले दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर थोडी पिवळी होतात, चांगली पितात, नीट रडतात आणि आठवड्याभरात उजळतात; ते साधे. दोहोंतला फरक कंदिलाखाली कळत नाही. दिवसाच्या उजेडात, त्वचा बोटाने दाबून पाहावे लागते. आणि सावळ्या अंगावर तेही फसवते, म्हणून शंका आली की रक्त तपासून घ्यावे.

उन्हात धरण्याविषयी दोन शब्द. कावीळ प्रकाशाने उतरते, हे खरे आहे आणि ते एका परिचारिकेने पाहिले. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या बाई अपुऱ्या दिवसांच्या मुलांना उन्हात अंगणात नेत असत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना दाखवले, की एका बाळाचे उघडे अंग फिकट पडले आहे, आणि जेथे चादरीचे टोक आले होते तेवढाच तुकडा पिवळा राहिला आहे. त्यावरून शोध घेत तेथील डॉक्टर क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली दिव्याखालच्या उपचाराचा निबंध प्रसिद्ध केला. हाताने काम करणाऱ्या माणसाचा डोळा शास्त्राला केवढे देऊन जातो, याचे हे उदाहरण मी आमच्या कामगारांना नेहमी सांगतो. पण त्याच शोधाचा दुसरा अर्थ असा, की योग्य रंगाचा, पुरेसा प्रकाश उघड्या अंगावर तासन्‌तास पडावा लागतो. अंगणातल्या अर्ध्या तासाच्या उन्हाला उपचार समजून दिवस काढणे म्हणजे "सकाळपर्यंत बघू"चेच दुसरे रूप होय.

आता वाटेवरचा उशीर. आमच्या वेळी एस.टी.ची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. ते पुरते खरे नव्हते. शेजारी मासळीचा टेम्पो उभा होता. त्या घरी दार वाजवायचा मला संकोच वाटला. रात्री-अपरात्री दुसऱ्याला उठवायचे कसे, हा आपल्या कोकणी माणसाचा भिडस्तपणा. दुसऱ्याच्या मागण्यांसाठी मी मालकाची दारे ठोठावत होतो, पण स्वतःच्या मुलीसाठी शेजाऱ्याचे दार ठोठावले नाही. आज परिस्थिती बदलली आहे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. पुढे ही सवलत बाळ वर्षाचे होईपर्यंत वाढवली गेली. हे उपकार नव्हेत, हक्क आहेत, आणि हक्क माहीत नसला तर तो असून नसल्यासारखा. तरीही रुग्णवाहिका यायला उशीर होईल, फोन लागणार नाही, अशी रात्र येऊ शकते. म्हणून बाळंतपणाच्या आधीच ठरवून ठेवावे: कोणाची गाडी, कोणता दवाखाना, घरात पैसे किती, थोरल्याला कोण सांभाळणार. आणि वाटेत बाळाला उबेत ठेवावे. नवजात बाळ लवकर गार पडते, आणि गार पडणे हाच मुळी आजार वाढवणारा दोष आहे.

उबेचा सर्वांत चांगला उपाय फुकटचा आहे. १९७८ साली कोलंबिया देशात, बोगोटा शहरी, डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात पेट्या कमी पडत. त्यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. यात बापानेही बसायचे असते, हे मला फार उशिरा कळले. बापाच्या छातीलाही ऊब असतेच. पुरुषांनी लाजू नये. फाटकावर छाती पुढे काढून घोषणा देणाऱ्यांनी तर मुळीच लाजू नये.

तिसरा उशीर दारातला. मुंबईत आम्ही दुपारनंतर पोचलो. मुलीला निळ्या दिव्याखाली ठेवले आणि रक्ताची चिठ्ठी माझ्या हातात दिली. त्या मोठ्या शहरात मी ती चिठ्ठी घेऊन उभा होतो. युनियनच्या कचेरीत फोन केला. संध्याकाळपर्यंत चौदा माणसे आली. तीन महिने पगार न मिळालेली माणसे, उसने पैसे घेऊन गाडीत बसलेली. एकाचा गट जुळला. बाकीच्यांनी रक्तपेढीत बदली रक्त दिले. त्या रात्री मुलीचे रक्त बदलले. एकजूट या शब्दावर मी शेकडो भाषणे केली असतील. तिचा अर्थ मला त्या बाकावर बसून समजला.

दारात बसलेल्या आईबापांनी काय करावे? विचारावे. दिवसातून एकदा, ठरावीक वेळी, दोघांनी मिळून डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: आज बाळाला काय झाले आहे, आज काय करणार, आणि आम्ही काय करायचे. उत्तर लिहून घ्यावे, कारण त्या दिवसांत ऐकलेले डोक्यात टिकत नाही. नातेवाइकांना बातमी देण्याचे काम एकाच माणसाकडे द्यावे. आईला जेवू घालावे, झोपू द्यावे, आणि बाळापासून दूर ठेवू नये. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी हे फार पूर्वी ओळखले. बाहेरच्या दुधाने आणि जंतुदोषाने मुले दगावत होती; त्यांनी आयांना बाळांपाशी आणले, आईच्याच दुधाचा आग्रह धरला, आणि ज्यांना ते मिळत नाही त्यांच्यासाठी १९८९ साली तेथे दुधाची पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. आजारी बाळाच्या खोलीत आई ही भेटीला आलेली पाहुणी नव्हे, उपचाराचा भाग आहे, हे त्यातून कळावे. मग ज्या आईवर इतके अवलंबून आहे, तिलाच घरच्यांनी बोल लावावा, हे कोणत्या शहाणपणात बसते?

आणि आता माझ्या नेहमीच्या विषयाकडे येतोच. बाळ रुग्णालयात असताना गरीब बापाच्या डोक्यात दुसरे एक घड्याळ चालू असते: किती खाडे झाले? मी मुंबईत होतो तेवढे दिवस माझी रोजीरोटी युनियनने सांभाळली. माझ्याबरोबर आलेल्या चौदा जणांचे मात्र खाडे धरले गेले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आदल्याच वर्षी महाडला, याच जिल्ह्यात, त्यांनी पाण्याचा सत्याग्रह केला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ चा तो मुंबई इलाख्याचा कायदा देशातला अशा प्रकारचा पहिला. पुढे १९६१ चा कायदा झाला; २०१७ साली त्यात पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली, आणि या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या आहेत. चांगले झाले. पण मासळी सुकवणारी, मिठागरात राबणारी, घरकाम करणारी बाई या रजेत कोठे बसते? आणि बापाचे काय? केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खाजगी कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराला ती देणारा कायदा नाही. मागणीपत्रात आम्ही ही मागणी घालतो, तेव्हा समोरचे हसतात. म्हणतात, बाप रुग्णालयात करणार काय? त्याचे उत्तर मी आत्ताच दिले. तो बाळाला छातीशी धरील, चिठ्ठ्या घेऊन धावेल, बायकोला झोपू देईल. आणि खाड्याच्या भीतीने "सकाळपर्यंत बघू" म्हणणार नाही.

आकड्यांनी थोडा धीर येतो. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे नवजात मृत्यूंचे प्रमाण हजार जन्मांमागे देशात २० आणि महाराष्ट्रात ११ होते. गडचिरोलीतले ६२ आठवा, म्हणजे केवढी मजल मारली ते दिसेल. त्याच पाहणीत केरळात ते ४ होते. म्हणजे अजून किती चालायचे आहे, तेही दिसेल. परंतु आकडे सांगून एखाद्या आईचे समाधान होत नाही. काही वेळा सगळे वेळेवर करूनही मूल जाते. अशा घरी जाल तेव्हा "असे केले असते तर" हे शब्द उंबऱ्याबाहेर ठेवून जा.

आमची मुलगी वाचली. ती बोलायला उशीर करू लागली तेव्हा तपासले. तिला कमी ऐकू येते असे निघाले. कानाला यंत्र लावून ती शिकली, आज स्वतःच्या पायांवर उभी आहे. तिचे ऐकू येणे त्या आठ तासांत गेले का, हे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी ठामपणे हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. तो प्रश्न माझ्यापाशी राहणार आहे आणि तो मी दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही.

गाडीतल्या त्या वाक्याबद्दल मी पत्नीची क्षमा मागितली, ती बऱ्याच वर्षांनी. मला वाटले होते, ती विसरली असेल. ती म्हणाली, "मला ते खरेच वाटले होते. डॉक्टरांनी रक्तगटाचे सांगितले तरी वर्षभर मला वाटायचे, माझेच लक्ष नव्हते." बंधूंनो, बोलून गेलेला शब्द रक्तासारखा बदलता येत नाही.

म्हणून जाता जाता तीनच विनंत्या करतो. घरात बाळंतपण असेल तर आईचा रक्तगट आजच विचारा आणि लिहून ठेवा. मघाशी वाचलेली लक्षणे स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवा. आणि बाळ आजारी पडले, की त्याच्या आईला एकच प्रश्न विचारा: "तुला काय दिसले?" तिचे उत्तर ऐका आणि तिच्याबरोबर निघा.